वन्सं नव्या महिन्याला येतात

रविवार

"आई, रोज थोडं लिहीत जा, मनातलं बाहेर पडतं," असं लेक फोनवर म्हणाली. बाहेर पडून ते जाणार कुठे, हे काही तिने सांगितलं नाही. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत कवळ्यांचं काम, मागच्या खोलीत मी. मनातलं बाहेर पडलं तर माझ्याच पायात येणार.

पण तिने सांगितलंय तर लिहिते. नातवंडांनी कधी वाचलं तर त्यांना कळावं म्हणून नीट लिहिते. परदेशात वाढलेली मुलं, त्यांना आमच्यातलं काय ठाऊक.

हे जाऊन दोन महिने झाले. बसची वाट बघत बाकावर बसले, ते तिथेच. मांडीवर डॉक्टरांकडे पोचवायचा डबा होता. लोकांनी नाव-पत्ता मिळेल म्हणून डबा उघडला, तर आत दात. ह्यांना ही गोष्ट सांगता आली असती तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले असते. पण सांगायला तेच नाहीत.

काम चालू ठेवलंय. दाताचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात, आम्ही कवळी करतो. हे मेणात दात बसवायचे, कारण ते नाजूक काम. साचा ओतणं, गुलाबी हिरड्या शिजवणं, घासणं, पॉलिश ही माझी कामं. आता दातही मीच बसवते.

काल शब्बाथ होता, आमचा विसाव्याचा वार, त्या दिवशी लिहायचं नसतं, म्हणून आज लिहितेय. सिनेगॉगमध्ये काल तम्मूज महिना पुकारला. नवा महिना कोणत्या वारी लागणार हे आदल्या शब्बाथला सगळ्यांनी उभं राहून ऐकायचं असतं. येणारा महिना सुखाचा, पोटापाण्याचा आणि लाजिरवाणं काही नसलेला जावो, असं मागायचं असतं. पूर्वी बायकांच्या सज्जात पाय ठेवायला जागा नसायची. आता आम्ही मोजक्या जणी, त्याही लांब लांब बसलेल्या. प्रत्येकीची जागा ठरलेली आणि मधल्या सगळ्या गेलेल्या.

"सोमवार आणि मंगळवार," खालून आवाज आला. तशा पुढच्या बाकावरच्या वन्सं वळल्या. "मंगळवारी येते," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा समोर बघायला लागल्या.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नव्या महिन्याला, म्हणजे रोश होदेशला, भावाच्या घरी यायचं हा त्यांचा नेम. सासूबाई असल्यापासूनचा. मधल्या दिवसांत कधी फिरकायच्या नाहीत. मला वाटलं होतं, भाऊ गेला, आता नेमही संपला. संपलेला नाही.

तम्मूजचा पहिला दिवस, मंगळवार

सकाळपासून पॉलिशचं मशीन चालू होतं. वन्सं दारातच थांबल्या.

"हे काय? आज?"

"डॉक्टरांना उद्या द्यायचंय वन्सं."

"बंद कर ते. आज रोश होदेश. बायकांनी आज काम करायचं नसतं. तुझ्या सासूने या दिवशी कधी सुईत दोरा ओवला नाही."

मी मशीन बंद केलं. घर एकदम इतकं गप्प झालं की माझाच श्वास मला मोठा वाटायला लागला. सासूबाईंना सुट्टी लागायचीच, घरात खंडीभर माणसं होती. मला सुट्टी कशापासून? मशीन चालू असलं की निदान कुणीतरी कुरकुरतंय असं वाटतं.

सूप केलं होतं, कोंबडी भाजली होती, काकडी चिरली होती. वन्संनी सूप तेवढं घेतलं. कोंबडीचा तुकडा ताटात इकडून तिकडे फिरवला, मग रुमालाखाली सरकवला. मी पाहिलं. काकडीला तर हातसुद्धा लावला नाही.

"आवडलं नाही का?"

त्यांनी तोंडापुढे हात धरला आणि नुसती मान हलवली. प्लास्टरचा वास येत असणार त्यांना. आमच्या घराला तो आहेच, पण भाऊ होता तेव्हा नाही कधी नाकतोंड झाकलं.

जेवणानंतर हालेलची स्तोत्रं म्हणायची असतात. पूर्वी वन्सं म्हणायच्या, हे उत्तर द्यायचे. खालच्या मजल्यावरची माणसं आपली दारं उघडून ठेवायची, असा तो आवाज. आज त्यांनी पुस्तक उघडलं आणि ओठ हलवले. आवाज नाही. माझ्यासारखीसाठी कशाला गळा शिणवायचा, नाही का.

लवकर निघाल्या. जिन्यात वळून म्हणाल्या, "येते पुढच्या महिन्याला."

धमकीच वाटली.

गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी कवळी परत पाठवली. पोरगी तरुण आहे, बोलायला गोड आहे. म्हणाली, "काकू, काम स्वच्छ आहे हो. पण सगळे दात शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे दिसतात. आजोबांना आरशात बघून आपण कुणी दुसरेच वाटलो."

काकांचे दात कसे असायचे, हे ती म्हणाली नाही. म्हणायची गरज नव्हती.

पुन्हा मेणात बसवले. पुन्हा रांगच झाली.

रविवार

लेकीचा फोन. "किती दिवस एकटी राहणारेस? इकडे ये. खोली रिकामी आहे. मशीन विकून टाक."

मी म्हटलं, बघते. मग फोन ठेवून फडताळावरच्या साच्यांकडे बघत बसले. कुणाकुणाचे जबडे, सगळे आ वासून. त्यांच्याशी बोलायची सवय लागलीय मला. काल एका साच्याला म्हटलं, "तुमचं बरं आहे हो, तुम्हाला भूक नाही." मग माझीच मला भीती वाटली.

खरंच, काय आहे इथे? कामात उणं राहतं. सिनेगॉगमध्ये मान हलवण्यापुरत्या ओळखी. नात्याचं म्हणावं तर एक वन्सं, त्यांना माझ्या हातचा घास गिळवत नाही.

बुधवार

मशीन बघायला एकजण येऊन गेला. त्याला हवंय. मशीनवर टकटक करून बघत होता, जसं कुणी कलिंगड घेताना करतं. नव्या वर्षाच्या सणांचा महिना संपला की देते, असं सांगितलं. लेकीलाही तेच कळवलं. ती रडली, आनंदाने. म्हणजे ठरलं.

ठरल्यावर बरं वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही.

आवचा पहिला दिवस, बुधवार

हा महिना आमच्यात दुःखाचा. फार पूर्वी आमचं मंदिर पडलं तो महिना. नवव्या दिवसापर्यंत मांस खात नाहीत, म्हणून मासा भाजला होता. मशीन त्या यायच्या आधीच बंद करून ठेवलं, बोलणी नकोत म्हणून.

वन्सं आल्या त्या स्वतःचा थर्मास घेऊन. माझ्यासमोर झाकणात काहीतरी पातळ ओतून प्यायल्या. आता माझ्या घरचं पाणीही चालेनासं झालं! बारीक झाल्यात. गळ्याशी साडी सैल पडते. भावाचं दुःख आहे, मी समजू शकते. पण माझंही कुणीतरी गेलंय ना?

मासा तसाच राहिला. मग उगाच काहीतरी विचारायचं म्हणून वन्संनी विचारलं, "का गं, त्याने केलेल्या कवळ्या किती वर्षं टिकतात?"

धंद्याचं विचारलं की मला बोलायला बरं पडतं. मी सांगत सुटले. कवळी टिकते हो, हिरड्या टिकत नाहीत. माणूस वाळला की हिरड्या वाळतात, मग कवळी सैल होते, टोचते. पाच-सात वर्षांनी बदललेली बरी. "जुनी झाली की फेकायची आणि नवी करायची," मी म्हटलं. "त्यात जीव अडकवायचा नसतो."

वन्संनी तोंडापुढे हात धरला. त्यांची स्वतःची वरची कवळी ह्यांनीच केलेली, खूप वर्षं झाली. पण ह्यांचं काम म्हणजे दगड, त्यांना कसली चिंता.

मग मी सांगून टाकलं की मी लेकीकडे चाललेय, कायमची. तोंडापुढचा हात न काढता त्या म्हणाल्या, "जा."

एवढंच. एक अक्षर. एवढ्या वर्षांच्या नात्याला एक अक्षर पुरलं.

पुस्तक उघडलंच नाही. थर्मासचं झाकण लावायला त्यांना वेळ लागत होता. मी मदत केली नाही. रागात होते.

शुक्रवार

काल नवव्या दिवसाचा उपास झाला. सज्जात आम्ही जमिनीवर बसलो. वन्संची जागा रिकामी होती. त्या उपासाच्या दिवशी आल्या नाहीत असं कधी झालेलं नाही.

फोन करावा का? मीच का करावा?

रविवार

आल्या आल्या लिहायला बसलेय.

सकाळी फोन केला. खूप वेळ वाजला. मग उचलला आणि पलीकडून जे आलं ते बोलणं नव्हतं. "मी बही आहे. होन हेव." मी बरी आहे, फोन ठेव. एक्स्चेंजमध्ये नव्या मुलींना शिकवताना नमुना म्हणून जिचं बोलणं ऐकवायचे, तिची ही जीभ! लकवा, दुसरं काही मनातच आलं नाही. ह्यांचंही असंच, काही सूचना नाही.

मी घरातल्या चपलांवर निघाले. बस समोरून निघून गेली. अर्धा रस्ता धावले, अर्धा चालले, त्या बाकाजवळून गेले आणि तिकडे बघितलंसुद्धा नाही. मनात एकच: ही तरी नको. ही तरी नको.

दार उघडेनात. मी दार बडवलं. "वन्सं, दार उघडा, नाहीतर मी शेजाऱ्यांना बोलावून तोडायला लावते!"

साखळी निघाली. वन्सं समोर सरळ उभ्या. दोन्ही हात हलत होते, चेहरा वाकडा नव्हता. पण वरचा ओठ आत गेलेला, गाल बसलेले. म्हाताऱ्या दिसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना म्हातारं झालेलं पाहिलंच नव्हतं.

टेबलावर बशीत ह्यांनी केलेली कवळी होती. मधोमध तुटून तिचे दोन तुकडे झालेले. बाजूला कपात दुधात भिजवलेलं बिस्कीट, अर्धवट खाल्लेलं.

मी खुर्चीवर बसले आणि मला हसू फुटलं. लकवा नाही, कवळी! हसता हसता रडायला लागले, तेव्हा वन्सं घाबरल्या. पाणी आणलं. पाठीवर हात ठेवला, तोही अवघडून, गरम भांड्याला लावल्यासारखा.

"कधी तुटली?"

त्यांनी चार बोटं दाखवली, म्हणजे उपासाच्या आदल्या दिवशी.

"आणि त्याआधी? टोचत होती ना? कधीपासून?"

त्यांनी पदर तोंडावर ओढला. "तोंड उघडा बघू," मी म्हटलं. त्यांनी नकार दिला. मी तशीच बसून राहिले. हट्टाला मीही कमी नाही. शेवटी त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि उघडलं. हिरडीवर कडेने जखमा. जुन्यावर नव्या. या तोंडाने मी केलेली कोंबडी खायची होती त्यांनी. काकडी खायची होती!

आणि मी, जी रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाच्या हसण्यावरून त्याची कवळी कुठे सैल आहे ते सांगते, माझ्याच जेवणाच्या टेबलाशी बसून मी काय बघत होते?

"सांगायचं नाही का? मी नवी केली असती. मापं घेऊ, पंधरवड्यात..."

"नवी नको."

"अहो, पण..."

"नवी नको म्हटलं ना!" दात नसले तरी ते वाक्य स्पष्ट आलं. मग त्यांनी बशी स्वतःकडे ओढून घेतली. हळूहळू, एकेक शब्द जुळवत बोलल्या. मी जुळवून लिहिते: "त्याने माझ्यासाठी केलेलं हे एवढंच आहे माझ्याकडे. तू म्हणालीस, फेकायची."

मी म्हणाले होते. त्यांच्या तोंडावर म्हणाले होते.

सोमवार

काल येताना तुकडे घेऊनच आले. द्यायला तयार नव्हत्या. शेवटी सांगितलं, फेकणार नाही, बदलणार नाही. तुकडे सांधता येतात. आणि सैल कवळीला आतून नवं अस्तर घालता येतं. बाहेरून तीच, ह्यांचीच. आत आजच्या हिरड्यांच्या मापाचं.

"कोटाला घालतात तसं?"

"अगदी तसंच."

तेव्हा कुठे बशी सोडली.

आज तुकडे जुळवले. दिव्याखाली धरून पहिल्यांदाच नीट पाहिले ते दात. पुढचा एक किंचित वळलेला आहे, शेजारच्यावर जरासा चढलेला. ह्यांच्या हातून चूक? शक्य नाही. पुन्हा पाहिलं. मुद्दाम बसवलाय.

बुधवार

वन्संना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या खुर्चीत अशा बसल्या जणू विमान उडणार आहे. डॉक्टरीणबाईंनी हिरड्या पाहिल्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काकू, या महिनोन् महिने नीट जेवलेल्या नाहीत." मग सांधलेल्या कवळीत माप घ्यायची पेस्ट भरून तोंडात बसवली. घट्ट होईपर्यंत तोंड मिटून राहायचं होतं. डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

वन्संना बोलता येत नव्हतं आणि मला गप्प बसवत नव्हतं. मग मी त्यांना ह्यांची शेवटची सकाळ सांगितली. त्यांनी कधी विचारली नव्हती, मीही सांगितली नव्हती. बुटाची नाडी तुटली, ह्यांनी गाठ मारली आणि म्हणाले, येताना नवी आणतो. चहा अर्धा ठेवला कारण गरम होता. खालून हाक मारली, "खिडकी लाव, पाऊस येईल." पाऊस आला नाही. एवढीच सकाळ. त्यात सांगण्यासारखं काही नाही, म्हणूनच कुणाला सांगितली नव्हती.

वन्संच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. तोंड मात्र त्यांनी घट्ट मिटून ठेवलं, माप बिघडू नये म्हणून.

परत येताना बसमध्ये विचारलं, "तो पुढचा दात वळलेला का आहे?"

पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माझा मूळचा तसा होता. मी म्हटलं, आता करतोयस तर सरळ लाव. तर म्हणाला, मग आई ओळखायची नाही तुला." खिडकीबाहेर बघत राहिल्या. "तेव्हा आईला कुणीच ओळखू येईनासं झालं होतं. पण मला ओळखायची. मी हसले की."

शनिवार संध्याकाळ, शब्बाथ संपल्यावर

आज एलूल पुकारला. गुरुवार आणि शुक्रवार.

मधल्या आठवड्यात वन्संच्या जखमा भरेपर्यंत डॉक्टरीणबाईंनी त्यांना कवळी लावू दिली नाही, म्हणून काम माझ्याकडेच आहे. वन्सं सज्जात पदर तोंडावर घेऊन बसल्या होत्या. मी माझी जागा सोडून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मागून कुणीतरी घसा खाकरला. त्या जागेवर पूर्वी कोणी एक शिंपीणबाई बसायच्या, त्यांना जाऊनही कितीतरी वर्षं झाली.

वन्सं थोडं सरकल्या.

बुधवार

अस्तर झालं. गुलाबी रंग जुन्याशी जुळत नाही, जुना विटलाय. जुळवायचा फार प्रयत्न केला, मग सोडून दिला. आतून आहे, कुणाला दिसतंय. उन्हं उतरायच्या आत पॉलिश संपवलं, कारण सूर्य मावळला की रोश होदेश लागतो. मशीन मीच बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

घर गप्प झालं. तेवढंच गप्प, जेवढं तेव्हा झालं होतं. ते काही बदललेलं नाही. रात्री दोन ताटं काढली आणि एक परत ठेवलं.

गुरुवार, रोश होदेश

वन्सं सकाळीच आल्या. थर्मास नाही. खुर्चीवर बसल्या, हात मांडीवर. मी कवळी कोमट पाण्यातून काढून दिली. त्यांनी पाठ फिरवली, लावली आणि तशाच बसून राहिल्या. पाठच दिसत होती मला. कान लाल झालेले.

"टोचते?"

"नाही."

"सैल?"

"नाही."

"मग काय?"

"जरा थांब गं," त्या म्हणाल्या. प्रत्येक अक्षर जागच्या जागी. मला एकदम टेलिफोनच उचलल्यासारखं वाटलं.

मग वळल्या. आणि हसल्या. वळलेला दात दिसला. त्यांच्या आईला काय दिसायचं ते मला कळलं. मी उठून उगाच सूप ढवळायला गेले.

कोंबडी खाल्ली. आधी भीतभीत, लहान तुकडा. मग दुसरा. मग हाड हातात घेऊन. मी माझं खायचं विसरून बघत होते. काकडीचा कुर्रकन आवाज झाला तेव्हा त्याच दचकल्या.

"मीठ कमी आहे," म्हणाल्या. "गेल्या वेळीही कमीच असणार."

"गेल्या वेळी तुम्ही खाल्लंत कुठे?"

"वासावरून कळतं."

जेवणानंतर त्यांनी पुस्तक उघडलं. पहिल्या ओळीला आवाज फाटला, खाकरल्या, पुन्हा सुरू केलं. पूर्वीचा आवाज नाही तो. वरचे सूर गेलेत, मधे मधे श्वास पुरत नाही. पण भिंतींना तो ओळखीचा असावा. खालच्या मजल्यावर दार वाजलं. उघडलं की बंद केलं, कळलं नाही.

शेवटच्या स्तोत्रात एक ओळ म्हणणाऱ्याने म्हणायची आणि बाकीच्यांनी तिला उत्तर द्यायचं असतं. उत्तर हे द्यायचे. वन्संनी ओळ म्हटली आणि थांबल्या. सवयीने थांबल्या, मग त्यांच्याही लक्षात आलं. पुस्तकातून वर बघेनात. खोलीत ती जागा तशीच उघडी राहिली.

मला गाता येत नाही. ह्यांनी कधी मला गा म्हटलं नाही, ती त्यांची माया होती. पण बाकीच्यांत आता मीच. मी उत्तर दिलं. बेसूर, घोगरं.

वन्संनी पुढची ओळ म्हटली, जरा खालच्या पट्टीत. मला झेपेल अशी.

रविवार

लेकीला सांगितलं की इतक्यात येत नाही. मशीनवाल्यालाही नाही म्हणून कळवलं. तो चिडला, ते ठीक. लेक चिडली नाही. नुसतं म्हणाली, "मी खोलीला पडदे शिवले होते."

मी पडद्यांचा रंग विचारला. निळा, म्हणाली. मला आवडतो म्हणून.

"वन्संसाठी राहतेयस का?" तिने विचारलं. "त्या तर तुला आवडतही नाहीत."

"त्यांच्यासाठी नाही गं," मी म्हटलं. मग कशासाठी, ते मलाही धड सांगता आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नवं काम पाठवलंय म्हणाले. फोन ठेवल्यावर फार एकटं वाटलं, ह्यांच्या जाण्यानंतर वाटलं नव्हतं तितकं. तेव्हा आपोआप एकटी पडले होते. आज स्वतः निवडून पडले. पुढच्या नव्या महिन्यापर्यंत चार आठवडे आहेत, तेवढे काढायचे.

मंगळवार

सकाळी मेण तापवून दात बसवायला घेतले होते. एका आजीबाईंचे आहेत. डॉक्टरीणबाईंकडून त्यांचा तरुणपणचा फोटो मागवून घेतलाय, समोर टेकवून ठेवलाय. बाई अगदी मिश्कील दिसतात.

बेल वाजली. दारात वन्सं. धापा टाकत होत्या, लिफ्ट बंद आहे.

माझं लक्ष आधी त्यांच्या तोंडाकडे गेलं. "काय झालं? तुटली?"

"काही नाही तुटलं."

"टोचतेय? बरं नाही का?"

"बरी आहे मी."

मी दार धरून उभीच. "मग आज काय आहे?"

वन्संनी चप्पल काढली, कोपऱ्यात नीट लावली. ह्यांच्या बुटांशेजारी, ते मी अजून हलवलेले नाहीत. पिशवी माझ्या हातात दिली. आत कडक टोस्टचं पाकीट होतं.

"आज मंगळवार आहे," त्या म्हणाल्या. "चहा टाकतेस ना?"